लाल रंग खाली पोचला

कारखान्यात तिला सगळे 'तोफ' म्हणत. तोंडावर म्हणायची छाती मात्र कोणाची नव्हती. एका फिटरने ती करून पाहिली आणि कपाळावर स्टेपलर खाऊन घरी गेला. पत्रे ठोकायच्या शॉपमधल्या काचेच्या केबिनमध्ये ती बसायची आणि की-बोर्ड अक्षरशः बडवायची. नवरा काचेपलीकडे प्रेसवर होता. दिवसभर पत्र्यावर आदळणारं ते धूड सांभाळणारा माणूस घरी दुधाचं पातेलंसुद्धा आवाज न करता ठेवायचा. आवाजाचं खातं बायकोकडे होतं.

धाकटा दीर वरच्या मजल्यावर, दुरुस्ती विभागात. वरच्यांना नवं सॉफ्टवेअर मिळालं. खालच्यांना 'लवकरच' एवढंच मिळालं. तोवर वरच्यांनी प्रत्येक फाइल जुन्या पद्धतीत सेव्ह करून खाली पाठवायची, असं ठरलं. दीर पाठवायचा, पण खाली उघडली की रकाने एकमेकांच्या उरावर बसलेले. तोफ फोन उचलायची.

"भावजी, तुमच्या फाइलचं मुंडकं एकीकडे, धड एकीकडे!"

"वहिनी, इथे तर झकास दिसतेय."

"मग तो डबा उचलून खाली आणा. नाहीतर मी वर येते."

वहिनी वर येणार म्हटलं, की दुसरी फाइल निमूटपणे यायची.

त्या सकाळी फाइल शहाण्या मुलासारखी उघडली. चालू-बंद मशिनांची यादी सरळ, रकाने जागच्या जागी. तोफ खूश झाली. काचेवर टकटक करून तिने नवऱ्याला हाताने खूण केली : चालू कर.

वर दिराच्या स्क्रीनवर प्रेसची ओळ लालभडक होती. दुरुस्ती बाकी असली की नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ आपोआप लाल व्हायची, म्हणून 'बंद' असं लिहायचं त्याने सोडून दिलं होतं. जुन्या सॉफ्टवेअरला ते लाल कळतच नव्हतं. खाली ओळ पांढरीशुभ्र आली.

पायाखालचं पेडल न दाबताच प्रेस खाली आला. नवऱ्याची करंगळी आणि शेजारचं बोट पत्र्याबरोबर चेपलं. लग्नापासून प्रथमच तिने त्याचा आवाज ऐकला, तोही असा. रक्त काचेवर उडालं. लाल रंग तेव्हा खाली पोचला.

माणसांनी त्याला उचललं, हात घट्ट बांधला. गाडी दारात येईपर्यंत तोफ जिना चढून गेली होती. तिने दिराची कॉलर धरून पहिली थोबाडीत दिली, तेव्हा चष्मा उडाला. दुसरीने ओठ फाटला. तिसरीने तो कपाटावर जाऊन आदळला.

"माझ्या माणसाचा हात घेतलात!"

"मी लाल केलं होतं, वहिनी! बघा ना!"

तिने बघितलं. उगारलेला हात तसाच राहिला. याच हाताने खूण केली होती. तिने तो टेबलाच्या कडेवर आपटला, पुन्हा आपटला, शेवटी फाटक्या ओठाच्या दिरानेच तो धरला.

साहेब धावत आले. "कोणी मारलं तुला? नाव सांग, आत्ता घरी पाठवतो."

"दारावर आपटलो, साहेब."

"गालावर बोटं उठवणारं दार आहे आपल्याकडे?"

"आमच्या घरचं आहे, साहेब."

साहेबांनी तोफेकडे पाहिलं आणि दाराची चौकशी तिथेच थांबवली.

करंगळी गेली, शेजारचं बोट वाचलं. दवाखान्यात नवऱ्याने भावाचा ओठ पाहिला, बायकोचा सुजलेला हात पाहिला.

"प्रेस माझ्यावर पडला. तुम्ही दोघं कशाखाली आलात?"

"दादा, यापुढे 'बंद' असं अक्षरांत लिहीन. आणि खाली येऊन वाचून दाखवीन," दीर म्हणाला.

नवऱ्याने चांगल्या हाताने त्याच्या डोक्यात एक सणसणीत टपली हाणली. "हे आधी सुचलं असतं तर!"

मग तो हात बायकोकडे वळला. तिने मान खाली घातली, गाल पुढे केला. त्याने तो तिच्या गालावर ठेवला, दुधाचं पातेलं ठेवावं तसा, जराही आवाज न करता.

"रडू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठे रडतेय!" ती ओरडली, आणि अख्खा वॉर्ड उठून बसला.