ओवा-कापराची पुरचुंडी

डब्लिनच्या विमानतळावर, सामानाच्या पट्ट्याजवळ, एक कुत्रा माझ्यासमोर येऊन बसला. आफ्रिकेच्या रानात आठ दिवस ज्या कोड्यानं तीन जाणत्या माणसांना वेड लावलं होतं, ते माझ्यापुरतं तिथेच सुटलं. उत्तर माझ्या बनियनला आतून सेफ्टी पिननं लावलेलं होतं.

पण कुत्र्याला जरा तिथेच बसू द्या. तो शिकवलेला आहे, हलणार नाही. आधी म्हाताऱ्याची ओळख करून देतो.

म्हातारा म्हणजे आमचा शेजारी. बायकोला स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा आम्ही गावाबाहेर जे घर घेतलं, त्याच्या कुंपणापलीकडे त्याची शेती. पन्नासेक गाई, दोन कुत्री, एक ट्रॅक्टर आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा तो. त्याची बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी गावात असते. मी घरून काम करतो, म्हणजे दिवसभर स्क्रीनसमोर बसून खिडकीतून त्याच्या गाई बघतो. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात बॉयलर बंद पडला, तेव्हा तो न बोलावता हत्यारांची पेटी घेऊन आला. त्या दिवसापासून रोज अकराच्या चहाला येतो. मी बावन्न वर्षांचा आहे, केस मोजण्याइतके उरलेत, तरी तो मला 'यंग लॅड' म्हणतो. एवढ्या एका शब्दासाठी मी त्याच्याबरोबर नरकातसुद्धा गेलो असतो. त्यानं नामिबियाला नेलं.

तरुणपणी एका दंतवैद्याकडे भिंतीवर त्यानं कुडूचं डोकं पाहिलं होतं. कुडू म्हणजे घोड्याच्या उंचीचं हरीण, अंगावर पांढरे पट्टे आणि डोक्यावर पीळ दिलेली दोन लांबलचक शिंगं. दाढ निघेपर्यंत तो त्या शिंगांकडे बघत राहिला आणि दाढ निघाली तरी शिंगं डोक्यातून निघाली नाहीत. पन्नास वर्षं त्यानं बदकं आणि कावळे मारले आणि स्वप्नं कुडूची पाहिली. मुलीनं अट घातली: हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, एकटं जायचं नाही. मग सोबत कोण? झुरळ दिसलं की बायकोला हाक मारणारा मी. माझं काम पाणी, गोळ्या आणि दुर्बीण सांभाळायचं. जनावर मरू नये असं मला वाटत होतं आणि म्हाताऱ्याला ते मिळावं असंही वाटत होतं. दोन्ही इच्छा एकाच पोटात घेऊन मी विमानात बसलो.

तिथल्या शिकारी यजमानानं आधीच कळवलं होतं की कुडूचं नाक फार तिखट. निघायच्या आठवडाभर आधीपासून वासाचा साबण नाही, पावडर नाही, अत्तर नाही, कपडे बिनवासाच्या पावडरीत धुवायचे. म्हाताऱ्यानं हे पथ्य मुंजीतल्या बटूसारखं पाळलं. मीही पाळलं आणि त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात पाळलं. बायकोनं नवा शांपू आणला तर मी तो दोन बोटांत धरून बाहेर ठेवून आलो.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती कराडकडची. आम्ही रानात जनावरं बघायला जातोय एवढंच तिला सांगितलं होतं. बघून झाल्यावर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं. निघायच्या सकाळी तिनं जुन्या ओढणीच्या तुकड्यात ओवा आणि कापूर बांधून पुरचुंडी केली आणि माझ्या बनियनला आतून लावली. मी पहिलीत असल्यापासून ती हे करते. सर्दी असो, प्रवास असो, परीक्षा असो, पुरचुंडी छातीवर. "परमुलखाचं वारं बादतं," ती म्हणाली. "बनियन बदललंस की हिला बी बदल. कापूर उडून जातोय, तवा वड्या बी देतीया." मी दर दोन दिवसांनी इमानेइतबारे नवी वडी घालत होतो. रोज फोनवर ती विचारायची, "पुरचुंडी हाय न्हवं?" आणि मी म्हणायचो, आहे गं. एका हातानं फोन, दुसऱ्यानं छाती चाचपणं, आणि समोर कुडू पळालेला. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. पंचेचाळीस वर्षं जो वास अंगावर आहे, तो वास म्हणून कळतच नाही. तो मीच झालेला असतो.

आता तुम्हाला सगळं कळलं. आम्हाला तेव्हा कळत नव्हतं.

सहा वेळा आम्ही कुडूच्या जवळ गेलो. यजमान पुढे, त्याचा माग काढणारा माणूस त्याच्याही पुढे, मग म्हातारा, मग मी. यजमान राखेची छोटी पिशवी झटकून वारा बघायचा. काट्यांतून रांगत, कोरड्या नदीच्या वाळूत पोटावर सरकत आम्ही जायचो. आणि प्रत्येक वेळी, म्हातारा बंदूक खांद्याला लावणार तोच, वारा झुडपांत गरकन एक गिरकी घ्यायचा, पलीकडचं डोकं वर व्हायचं आणि शिंगं फांद्यांतून निघून जायची. माग काढणारा माणूस वैतागून आजूबाजूच्या झाडांची पानं चुरगळून हुंगत बसायचा. मला वाटायचं, त्याची ती काहीतरी विद्या असेल. मी कौतुकानं बघायचो.

म्हातारा मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. रोज सकाळी 'ग्रँड', म्हणजे एकदम मस्त, म्हणणारा माणूस पाचव्या दिवशी नुसता मान हलवू लागला. शेवटच्या संध्याकाळी यजमान म्हणाला, होतं असं कधीकधी. म्हातारा बुटांकडे बघून म्हणाला, माझेच पाय जड झालेत, त्यांना ऐकू जातं.

तर आता कुत्र्याकडे येऊ. म्हातारा मुलीला फोन करायला बाहेर गेला होता. कुत्र्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं जन्मात कुणी पाहिलं नव्हतं. अधिकाऱ्यानं बाजूला घेतलं, शर्ट वर करायला लावला, पुरचुंडी सोडली, हुंगली आणि डोळे पुसले. ओवा काय ते मी सांगितलं, कापूर काय ते सांगितलं, आई काय ते सांगायला लागलो तेव्हा त्यानं हात वर केला. कुत्रा नवीन आहे, शिकतोय अजून, म्हणाला. जाता जाता त्यानं हसून भर घातली: वीस पावलांवरून आला हो तुमच्या वासानं.

वीस पावलांवरून. पुरचुंडी पँटच्या खिशात कोंबली आणि मी म्हाताऱ्याला शोधायला निघालो.

डब्लिनहून स्लायगो गाडीनं तीन तासांवर आहे. तीन तासांत माणूस काहीही कबूल करू शकतो. मी ठरवलं, शहर संपलं की सांगायचं. शहर संपलं. मग ठरवलं, मलिंगार आलं की. मलिंगारला त्यानं डोळे मिटले होते, झोपलेल्या माणसाला काय सांगायचं? लाँगफर्डला तो जागा होता, पण पाऊस फार होता. पुढे पाऊस थांबला तर म्हटलं कॉफी घेताना सांगू. कॉफी घेतली आणि हवेबद्दल बोललो. एरवी मी बोलायला लागलो की बायको घड्याळ बघते. त्या दिवशी मला एक वाक्य जुळवता येईना. हा माणूस उद्यापासून चहाला आला नाही तर? आमच्या या परक्या रस्त्यावर, न बोलावता दार ढकलून आत येणारा तो एकच होता. त्याच्या पन्नास वर्षांच्या स्वप्नाचा मी ओवा-कापूर केला होता.

पुरचुंडी खिशात तापत होती. मी खिडकी थोडी उघडली. त्यानं ती बंद करायला सांगितली. थंडी वाजते म्हणाला.

कॅरिक गाव मागे पडल्यावर तो बोलायला लागला. सोमवारी बंदूक पोलीस स्टेशनात जमा करणार आहे, म्हणाला. लायसन्स परत देणार. गाईंचंही मुलीशी बोलणार. मी म्हटलं, एक शिकार हुकली म्हणून कुणी एवढं करतं का, पाय काय, सगळ्यांचेच जड होतात.

"पायांचं नाही ते," तो म्हणाला. "पायांचं मी तुम्हा सगळ्यांना नुसतं सांगितलं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"माझी बायको प्रेसमध्ये कापूर ठेवायची," तो म्हणाला. प्रेस म्हणजे इकडे कपाट. "कपड्यांना कसर लागू नये म्हणून. तिथे रानात मला तो वास यायचा. रोज. बंदूक उचलली की ती मागे उभी आहे असं वाटायचं. मैलोगणती माणूस नाही आणि मला तिच्या प्रेसचा वास. आत्ता गाडीतसुद्धा येतोय." "माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी आई स्वयंपाक करतेय म्हणून वास यायचे, मग मला ओळखेना. ज्याचं डोकं जायला लागलंय त्यानं घरात बंदूक ठेवू नये. तू मुलीला सांगू नकोस. मी सांगेन."

म्हणजे आठ दिवस हा माणूस माझ्या पुढे चार पावलं चालत होता आणि आपलं डोकं जातंय या भीतीनं आतून सोलून निघत होता. आणि सभ्यपणा एवढा की एकदाही मागे वळून विचारलं नाही, यंग लॅड, तुलाही येतोय का वास?

बॉयल गावाच्या पुढे डोंगराच्या चढावर गाडी थांबवायला जागा आहे. मी तिथे वळलो. इंजिन बंद केलं. खिशातून पुरचुंडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि ज्या सुरुवातीसाठी अडीच तास झटलो होतो ती सुरुवात न करताच बोललो.

"ही माझ्या आईनं दिलीय. सर्दी होऊ नये म्हणून. आठही दिवस माझ्या छातीवर होती."

त्यानं ती नाकाशी नेली. डोळे मिटले. पुन्हा हुंगली.

"आठ दिवस?"

"रोज. दोन दिवसांनी नवी वडी घालत होतो."

तो दार उघडून उतरला. रस्त्याकडेच्या लोखंडी फाटकापर्यंत गेला, दोन्ही हात त्यावर ठेवून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. मला एकदम गोळ्यांची आठवण झाली, त्या मागच्या बॅगेत होत्या. मी धावलो, बॅग उपसली, पाण्याची बाटली सापडेना. गोळ्या घेऊन पोचलो तर त्याचं तोंड ओलं होतं. तो रडत होता की हसत होता ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं गोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

"तुमचं ठीक आहे," मी म्हटलं. "माझं बघा."

"तुझ्यावर मी रागावलोय," तो म्हणाला. "किती, ते घरी गेल्यावर कळेल मला. गाडी चालव."

पुरचुंडी त्यानं परत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तो चहाला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अकरा वाजता आई कप काढून ठेवायची, साडेअकराला परत आत ठेवायची. इथली मराठी मंडळी फोन करकरून शिकारीची गोष्ट मागत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलं की सांगण्यासारखं काही नाही, तर एकानं बायकोला फोन करून माझी तब्येत विचारली. सोमवारी सकाळी म्हाताऱ्याची जीप गावाकडे गेली. मागच्या सीटवर लांब पेटी होती की नव्हती, ते खिडकीतून दिसलं नाही. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंगमध्ये काय झालं ते कृपया मला विचारू नका.

अकराला पाच कमी असताना दार ढकललं गेलं.

तो नेहमीच्या खुर्चीत बसला. आईनं चहा ठेवला. त्यानं सांगितलं की सकाळी जाऊन लायसन्स पुढे चालू ठेवण्याचे कागद दिले. मग बराच वेळ चमचा फिरवत राहिला. पुरचुंडी बायकोच्या प्रेसमध्ये टांगलीय, म्हणाला. तिचा कापूर कधीच उडून गेला होता, कपाट नुसतं लाकडाचं झालं होतं. आता उघडलं की बरं वाटतं. पण आपल्या अंगावर लावायलाही एक मिळेल का, असं आईला विचार.

आईला विचारायचं तर तिला सगळं सांगणं आलं. सांगितलं. शिकार, बंदूक, शिंगं, वास, सगळं. तिचा चेहरा आधी काळवंडला, मग माझ्या कानाजवळ हात आला, आणि मग ती हसायला लागली, ते थांबेचना.

"म्हंजी सहा जीव वाचले की रं," ती म्हणाली. "मी एकासाठी बांधली हुती."

तिनं तिथेच नवी पुरचुंडी बांधली. त्यानं शर्टाची वरची तीन बटणं काढली आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा तो बुवा मान वर करून न हलता-डुलता उभा राहिला. आईनं पिन लावली, वरून थोपटलं.

"त्याला सांग, बंदूक घिऊन भाईर पडशील तवा ही लावल्याबिगर पडू नगंस."

म्हातारा माझ्याकडे बघत होता. लपवाछपवीचं ओझं नुकतंच उतरलं होतं, नवं घ्यायची माझ्यात ताकद नव्हती. मी शब्दन् शब्द भाषांतर केलं.

त्यानं बटणं लावली, छातीवर हात ठेवून एकदा खोल श्वास घेतला.

"तिला सांग," तो म्हणाला, "घरात लावीन."