तुळशीखालची लाईन

“पानी थांबू द्या, मंग बोला.”

आमचे मिस्त्री हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणत. गवंड्यांकडे लेव्हल बघायची एक पारदर्शक नळी असते, तुम्हीही पाहिली असेल. नळीत पाणी भरायचं, तिची दोन टोकं दोन खुंट्यांना लावायची आणि दोन्हीकडचं पाणी कुठे थांबतं ते बघून खूण करायची. दुसरं टोक धरणारा माणूस हमखास घाई करतो. पाणी वरखाली होत असतानाच ‘झालं का, झालं का’ सुरू करतो. मिस्त्री एक डोळा मिटून नळीकडे बघत आणि मोकळा हात वर करून त्याला गप्प बसवत. पुढे ही सवय इतकी अंगात भिनली की हळदीच्या भावावरून वाद पेटला तरी त्यांचा हात तसाच वर जाई.

हिंगोली जिल्हा व्हायच्या काही वर्षं आधी मी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर बांधायला काढलं, तेव्हा मिस्त्री मला मिळाले. कनेरगाव नाक्याकडच्या एका बंजारा तांड्यावरून ते सकाळच्या जीपनं येत. खांद्याला पिशवी, पिशवीत थापी, ओळंबा, भाकरी आणि गुंडाळलेली नळी. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. देवधर्म, नवस, मुहूर्त यांवर मी कुणालाही न विचारता व्याख्यान देत असे. गावात माझी ओळख ‘कशालाच न मानणारे सर’ अशी होती आणि खोटं कशाला बोलू, ती मला आवडायची. मिस्त्रींनाही मी तांड्यातल्या एका नवसावरून एक अख्खी दुपार सुनावलं होतं. त्यांनी विटा रचत ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “तुमचं बराबर हाय, सर. पर माझ्या बायकोला सांगू नका.”

भिंती झाल्या, स्लॅब टाकून झाला. संडासापासून मागच्या कोपऱ्यातल्या टाकीपर्यंत लाईन टाकायची राहिली. मिस्त्रींनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दर तीन फुटांना एक बोट उतार धरून खुणा केल्या. चर खणून झाला आणि होळी आली. तांड्याची होळी एका दिवसात आटपत नाही. मिस्त्री आठ दिवसांची सुट्टी घेऊन निघाले. जाताना दोन्ही मजुरांना बजावून गेले, “पाइप टाका, पर दोरी सोडू नका.”

दोरी सोडली ती माझ्या आईनं. स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल अशी तुळशीची जागा तिनं मनात केव्हाच धरून ठेवली होती आणि मिस्त्रींचा चर नेमका त्या जागेखालून चालला होता.

“माझ्या तुळशीखालून संडासाचं पानी? आन् मी तिला सकाळी हात जोडू?”

मी तिला पाणी, पाइप, माती सगळं समजावून सांगितलं. ती दोन वेळा जेवली नाही. तिसऱ्या वेळेला मी मजुरांना सांगितलं की लाईन तुळशीला वळसा घालून न्या. त्यांनी दोन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, टाकून ती वळवली. वळसा लांबला, तेवढा उतार मेला. हे मला कळत नव्हतं असं नाही. उतार हा धडा मी सातवीला शिकवत होतो.

मिस्त्री परतले तेव्हा होळीची गाणी म्हणून त्यांचा घसा बसला होता. चर बुजला होता आणि आईनं विटांचा ओटा करून तुळस लावलीसुद्धा होती.

“आई, लाईनीवरच मांडली की वो तुळस.”

आई आत गेली. मिस्त्री माझ्याकडे वळले. “सर, लाईन दोरीनंच गेली ना?”

नवसावरचं माझं व्याख्यान जुनं झालं नव्हतं; आईच्या तुळशीपुढे मी वाकलो हे त्यांना कसं सांगणार? मी म्हणालो, “हो, तुमच्या दोरीप्रमाणेच.”

सहा महिन्यांत लाईन पहिल्यांदा तुंबली. ज्यांच्या घरी असं झालं आहे त्यांना वर्णन नको आणि ज्यांच्याकडे झालं नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत, हे मीसुद्धा म्हणतो. भांडं काठोकाठ भरतं, चेंबरचं झाकण उचलावं तर खाली काळं पाणी नुसतं उभं असतं. घरातला प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयानं बघतो. आमच्याकडे हे साधारण तीन-चार महिन्यांनी होई आणि पाहुणे आले की नक्की होई.

मी नगरपालिकेच्या माणसाला बोलावणार होतो. मिस्त्रींना कळलं तसे ते हातातलं काम टाकून आले.

“माझ्या लाईनीत दुसऱ्याचा बांबू न्हाई चालायचा.”

गवंड्यानं हे काम करायचं नसतं. त्यांनी केलं. सदरा काढून खुंटीला टांगत, बांबूच्या लांब चिरलेल्या कामटीच्या टोकाला चिंध्या बांधत आणि चेंबरपाशी पालथे झोपत. मला आत बादली घेऊन उभं करत. “सोडा!” अशी हाक आली की मी पाणी ओतायचं. “थांबा!” आली की थांबायचं. अर्ध्या तासानं खळ्ळकन आवाज होई आणि मिस्त्री ओरडत, “गेली!” पोरगं पास झाल्यासारखे. मग बाहेरच्या नळावर लाल साबणानं आंघोळ. मजुरीचं नाव काढलं की कानावर हात. बांधकाम चालू होतं तेव्हा आई त्यांना ओसरीवर बसवून चहा देई. चेंबरच्या कामानंतर तोच चहा वेगळ्या कपात, कुंपणाच्या भिंतीवर ठेवला जाऊ लागला. मिस्त्री तो उभ्यानं पीत.

“तांड्यात मला गटारमिस्त्री म्हनून राहिले,” एकदा ते हसत म्हणाले. मीही हसलो.

दुसऱ्या की तिसऱ्या वेळी त्यांनी कामटी बाहेर काढून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “सर, बांबू एकाच जागी अडून राहिला. काहून? मी नसताना लाईनीला कुनी हात लावला होता का?”

“नाही.”

स्वतःच्या हाताला लागलेलं त्यांनी सोडून दिलं आणि मास्तरचा शब्द धरला. “मंग काळी माती हलली आसंल. चराच्या तळाला मीच मुरूम कमी टाकला.” उकरून बघायची सोय नव्हती, कारण वर तुळस होती. तुळस हलवायची नाही यावर आई आणि मिस्त्री यांचं एकमत होतं.

आमच्या शेजारचे तलाठी तेव्हा पत्र्याच्या खोल्या पाडून पक्कं घर बांधायच्या तयारीत होते. दर वेळी कुंपणावरून आमचा सोहळा त्यांना फुकट दिसे. एकदा मिस्त्री आंघोळ करून डोकं पुसत असताना ते सहज म्हणाले, “मिस्त्री, भिंती तुम्हीच बांधा. लाईन मात्र मी दुसऱ्याकडून टाकून घेतो.”

मिस्त्रींचा हात सवयीनं वर गेला, तसाच थोडा वेळ राहिला आणि खाली आला. त्यांनी पिशवी उचलली. मी बादली ठेवायला आत गेलो. तलाठ्यांचं वाक्य गल्लीभर झालं आणि गल्लीतून बाजारात गेलं: मिस्त्रीची भिंत घ्यावी, लाईन घेऊ नये. वर्षभरात मिस्त्रींनी लाईनीची कामं घेणंच बंद केलं. नळी पिशवीत असे, पण कुणी उताराचं विचारलं की म्हणत, “तेवढं सोडून बोला. माझी नजर बसत न्हाई त्याच्यात.”

एका वाक्याचं काम होतं. ते माझ्याकडे होतं. शाळा, परीक्षा, मुलांची शिक्षणं यात वर्षं गेली आणि आमची लाईन नेमानं तुंबत राहिली.

आई गेली. तिच्यानंतरच्या उन्हाळ्यात तुळस वाळली. बायकोनं नवं रोप कुंडीत लावलं. पुढच्या वेळी मिस्त्री आले तेव्हा त्यांचे केस पिकले होते आणि पालथं झोपताना गुडघे धरावे लागत होते. त्यांनी रिकामा ओटा पाहिला.

“आता उकरू, सर. माझी काय चूक झाली ती मला एकदा बघू द्या.”

मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी फावडं आणून दिलं.

त्यांनी ओटा उतरवला. दोन फूट खणलं. अडीच. पाइप तिथं असायला हवा होता. तीन फुटांवर ते थांबले, खड्ड्यात उतरले आणि दोन्ही हातांनी माती चाचपू लागले. खाली नुसती माती होती. त्यांनी मान वर केली नाही. मी काठावर उभा होतो आणि मला लाज वाटत होती, इतकी की मी भलतंच म्हणालो, “मिस्त्री, वर या, चहा घ्या.”

“पानी थांबू द्या,” ते खालूनच म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. आईची तुळस, दोन एल्बो, माझा शब्द. ते ऐकत राहिले. नंतर वर आले, पिशवीतून नळी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. चेंबर आणि टाकीचं तोंड, दोन्हीकडे नळी लावून त्यांनी खुणा केल्या, बोटांनी अंतर मोजलं. पुन्हा मोजलं.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “माझी लाईन बराबर होती.” आणि मातीच्या ढिगावर बसून त्यांनी तोंडावरून हात फिरवला. रागानं ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी त्यांनी जुन्या दोरीच्या रेषेवर सरळ पाइप टाकला. निघताना एवढंच म्हणाले, “गल्लीत एकदा सांगा, सर. बाकी काही न्हाई.”

“सांगतो,” मी म्हणालो.

लाईन पुन्हा तुंबली नाही. त्यामुळे मिस्त्रींचं येणंही थांबलं. गल्लीतल्या लोकांनी बदल ओळखला आणि नवा मिस्त्री कोण गाठला म्हणून चौकशी केली. मी म्हणालो, “झालं एकदाचं.” गणपतीच्या बैठकीत सगळी गल्ली जमली होती, मी वर्गणीवर बोललो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आता कशाला, असं वाटे.

दीड-दोन वर्षांनी एका जुन्या मजुरानं बाजारात सांगितलं की मिस्त्री गेले. तिसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. दारापुढे माणसं बसली होती. नळी आत खुंटीवर टांगलेली दिसत होती. मिस्त्रींच्या बायकोनं मला कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाव सांगायच्या आत तिनं ओळखलं.

“तुमी लाईनीवाले सर ना? लई वाट बघायचे. म्हनायचे, सर गल्लीत सांगनार हायेत.” तिनं पदर नीट केला. “सांगितलं का, सर?”

बसलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. ‘हो’ अगदी ओठावर आलं होतं. तिथं ते कुणी तपासायला येणार नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि मला पाणी आणून दिलं.

परत आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. घरी न जाता मी तलाठ्यांच्या दारात उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून शांतपणे ऐकलं.

“अहो सर, पण तो मिस्त्री तर गेला ना आता?”

“हो, गेले.”

“मग आता सांगून काय उपयोग?”

मी त्यांना नमस्कार केला आणि पुढच्या घराची कडी वाजवली.