मऊ पेशी

माझी धाकटी बहीण प्रयोगशाळेत पेशी दाबून बघते. त्यावरून म्हणे औषध कसं बनवायचं ते ठरतं. काल तिने मला पडद्यावर दोन पेशी दाखवल्या. बारीक सुई टेकली, तर एक ताठ राहिली, दुसरी सायीसारखी दबली.

"ताठ आहे ती आजारी ना?" मी विचारलं.

"उलट! कॅन्सरची पेशी मऊ पडते, ताई. मऊ असते म्हणूनच फटीफटीतून सटकते."

तेव्हापासून मला मऊपणाचाच संशय येतो. गोड बोलणारा दुकानदार, पाठीवरून फिरणारा हात, सगळ्यांचाच. निदान ही बहीण तरी कायम खेकसणारी, म्हणून तिच्यापुरती मी निर्धास्त होते.

आज ती माझा तपासणीचा रिपोर्ट घेऊन आली. "काय आलंय?" मी विचारलं.

माझा हात हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "ताई, आधी चहा घेऊ या का?"