उलट्या पत्र्याचा शोध

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळही नाही — आणि आमच्या पासली गावात आईला न कळता साधं शिंकतासुद्धा येत नाही, म्हणजे बघा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही पासलीचे नाही.

आधी माझ्या मतांविषयी. मला मतं लई. भोरला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हापासून तर त्यांना ऊत आला. शिक्षण म्हणजे नुसती घोकंपट्टी, यंत्रं उद्या आपल्या पोटावर येणार, आणि सगळ्यांत लाडकं मत — नोकरीत माणूस जे नवं शोधून काढतो त्यावर त्याचा हक्क, मालकाचा नाही. मालक पगार देतो तो हातांचा, डोक्याचा नाही! हे वाक्य मी कँटीनमध्ये म्हटलंय, एसटीत म्हटलंय, चुलतभावाच्या लग्नात अक्षता हातात धरून म्हटलंय. मत चूक आहे का? नाही हो. मला ते आजही पटतं. मग घोटाळा कुठं झाला?

घोटाळा झाला अण्णांच्या वर्कशॉपात. भाटघरच्या रस्त्याला अण्णा उफणणीचे पंखे बनवतात. वरून भात ओतायचं, वाऱ्यानं फोलपट उडून जातं, दाणा खाली पडतो. सुट्टीत मी तिथं शिकायला गेलो — शिकायला कसला, शिकवायलाच. पंख्यासमोर वाऱ्याला वळण देणारा एक वाकडा पत्रा असतो. तो बसवायचं काम माझ्याकडं आलं. आणि बसवता बसवता मी वेल्डिंगवाल्या गणपतदादांना शोधाचे हक्क समजावत होतो. ऐन रंगात आलो होतो. पत्रा — कसं सांगू — उलटा बसला.

झालं. माझा शोध तो एवढाच.

मशीन सुरू केलं तर वारा खालून वर उसळला आणि फोलपट थेट कुंपणापलीकडं. गणपतदादा पोट धरून हसले. मी शिव्यांची वाट बघत होतो, कारण अण्णा तोंडाचे फटकळ. पण ते खाली वाकले. पत्र्याकडं बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसाच." मग त्यांनी तो कापला, वाकवला, पुन्हा कापला. घरचं इंद्रायणीचं भात ओतून ओतून पाहिलं. जेवणाचं भान नाही, मोबाईल वाजला तर त्यालाच शिव्या. मी काय करत होतो? चहा सांगून येत होतो. शेवटी दाणा असा साफ पडायला लागला की पाखडायला सूप नको. अण्णांनी नव्या मशीनवर नेहमीसारखं वर्कशॉपचं नाव रंगवलं.

आणि माझ्या अंगात आलं. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती, माझ्या मतांना एक ताजं उदाहरण हवं होतं. ठोकून दिलं — आपल्याच भोरात एका गरीब विद्यार्थ्याचा शोध मालकानं गिळला! नाव घेतलं नाही. पण भोरात उफणणीचे पंखे कोण बनवतं हे काय विचारावं लागतं? मला पहिला नंबर, खांद्यावर मिरवणूक. अण्णा मात्र चहाला गेले की टपरीवरची माणसं बोलायची थांबायची.

ते मला शोधत कॉलेजच्या फाटकाशी आले. वाटलं, आता कानफटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"पोरा, म्या समजलो चुकून बसला," अण्णा म्हणाले. "तू मुद्दाम बसवला हुतास व्हय?"

बघा, केवढी सोपी वाट होती! नाही अण्णा, चुकूनच — एवढंच बोलायचं. मी काय बोललो? "हो. हवेच्या दाबाचा अभ्यास करून." वर चेहराही दुखावलेला ठेवला. आता सांगतानासुद्धा लाज वाटते.

दसऱ्याला अण्णांनी यंत्रांच्या पूजेला मलाच पाटावर बसवलं. नव्या मशीनवर लाल रंगात त्यांनी स्वतः लिहिलेलं — शोध : चि. संकेत, पासली. मी हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आईनं फोटो काढून सगळ्या भावकीला पाठवला. पोराचं नाव आहे म्हणून आमच्या शेजारच्या काकूंनी हट्टानं तेच मशीन घेतलं.

काकूंचं भात आंबेमोहर. बारीक, हलका दाणा. पहिल्याच दिवशी फोलपटाबरोबर दाणाही उडाला आणि आळीतल्या कोंबड्यांची दिवाळी झाली. काकू आमच्या अंगणात येऊन कडाडल्या, "आरं मुडद्या, लेकराबाळांचं वर्साचं भात हाय ते!" सगळी आळी माझ्याकडं बघत होती. आणि तेव्हा — हेच मला सांगायचं होतं — तेव्हा मी पहिल्यांदा खरं बोललो. "काकू, ते माझं नाही. सगळं अण्णांनी केलंय."

फोन गेला तसे अण्णा टेम्पो घेऊन आले. काकूंनी त्यांना नको नको ते सुनावलं. मी बाजूला पाना धरून उभा. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "व्हय वैनी. पोरानं बराबर बसवला हुता. म्या कापताना बिघडवला."

मी पाना दुसऱ्या हातात घेतला.

अण्णांनी उन्हात बसून पत्र्याला खाच पाडली, वारा कमी-जास्त करायची सोय केली, दाणा नीट पडेपर्यंत हलले नाहीत. काकूंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मला मात्र त्याच काकूंनी हाक मारून चहा दिला, आणि मी तो प्यायलो.

मशीन आता आंबेमोहरालाही चालतं. मागणी वाढलीय. प्रत्येक मशीनवर अण्णा अजून माझं नाव रंगवतात. अक्षर सुंदर आहे त्यांचं.