कूलरमधला रुपया

प्रिय ओजस आणि रेवा,

गेल्या मे महिन्यात हिंगणघाटच्या आपल्या घरात पूर आला आणि वणा नदीचा त्यात काही संबंध नव्हता. ओजस ही गोष्ट तिकडे आपल्या पद्धतीने सांगतो, असं तुमच्या आईकडून कळलं. त्याच्या गोष्टीत पाणी गुडघ्यापर्यंत येतं. ते घोट्यापर्यंतही नव्हतं. म्हणून खरं काय ते लिहून ठेवते.

सुरुवात ओजसनेच केली. जुन्या स्टीलच्या नाण्यांवर कधी कधी टाकसाळीतच झालेला दोष सापडतो आणि हौशी लोक असं नाणं जपून ठेवतात, हे त्याने मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. नियम दोन. खोल ओरखडा म्हणजे नंतरची इजा, तो सोडून द्यायचा. उंचवटा दिसला तर मात्र टाकसाळीची चूक असू शकते. आणि दुसरा नियम, नाणं कधीही घासायचं नाही. (हे त्याने मला सांगितलं. मी नळाची तोटीसुद्धा चिंचेने घासते!)

मी वही केली. डावीकडे नाणं, उजवीकडे दोष. डब्यातले जुने चार आणे, आठ आणे, रुपये एकेक करून भिंगाखाली घेतले आणि ओजसला तीन शोध कळवले. पहिला उंचवटा कुंकवाचा थर निघाला. दुसरा मेणाचा थेंब. तिसरा वाळलेला साबुदाणा.

“आजी,” ओजस म्हणाला, “चौथ्यांदा चुकलीस तर भिंग रेवाकडे.”

एका बारा वर्षांच्या मुलाने मला नोकरीवरून काढण्याची धमकी दिली होती. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवताना हेडमास्तरांनाही ते जमलं नव्हतं.

मग बैठकीतला कूलर धुवायला काढला. टाकीच्या तळाशी क्षाराच्या पांढऱ्या पापुद्र्यात मला एक रुपया दिसला. घट्ट बसला होता. उलथण्याने उचकटला आणि भिंगाखाली धरला. काठाने अर्ध्या नाण्यावर चढलेला एक डोंगर! नख लावलं, हलला नाही. सुईने टोचलं, हलला नाही. साबुदाणा नक्कीच नव्हता. पाठीमागे तांबूस रंगाचं एक वर्तुळ, कंपासने काढल्यासारखं. एकाच नाण्यावर दोन दोष. नियमाप्रमाणे मी ते घासलं नाही.

दुपारी आजोबा बाजारातून आले. त्यांनी पाइप लावून टाकी भरली, कूलर सुरू केला आणि त्याच्यासमोर जमिनीवर चटई टाकून आडवे झाले. मी टेबलाशी बसून ओजसला फोन लावला.

“आजी, नक्की उंचवटाच आहे ना?”

“शंभर टक्के.”

“मग मी रविवारी नाण्यांच्या क्लबमध्ये सगळ्यांना दाखवतो.”

तेवढ्यात चटईवरून आवाज आला, “अवं, माही पाठ ओली काऊन होऊन राह्यली?”

“घाम असेल. अहो, थांबा जरा, महत्त्वाचं चाललंय.”

“एवढा घाम? चटई पोहून राह्यली इथं!”

माझ्याही पायांना गार लागलं. मी पाय खुर्चीवर घेतले आणि ओजसला वर्तुळाबद्दल सांगत राहिले. आजोबा बनियन पिळत टेबलाशी आले आणि माझ्या हाताकडे बघून थबकले.

“हा रुपया तुले कुठं सापडला?”

“टाकीत. चिकटला होता.”

“चिकटला नव्हता. म्या चिकटवलता.”

मग उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी मी पवनारला बहिणीकडे गेले असताना टाकीला गंजून भोक पडलं. त्या भोकावर आजोबांनी रुपया ठेवला आणि लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, लावून तो पक्का केला.

“मले सांगितलं काऊन नाही?” रागाच्या भरात माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

“तू वहीत लिहून ठेवलं असतं.”

“आजोबा,” फोनमधून बारीक आवाज आला, “मग तो डोंगर?”

“लांबी आहे बाबू ते. नळ गळला का लावतेत, ते.”

“आणि मागचं वर्तुळ?”

“भोकाचा गंज.”

जन्मात एकच वस्तू मी घासली नाही. घासली असती तर डोंगर तिथेच उघडा पडला असता.

संध्याकाळी आजोबांनी नवी लांबी मळली आणि तोच रुपया पुन्हा त्याच भोकावर बसवला. मी दिवा धरला. वहीत चौथी नोंद केली: ‘एक रुपया. दोष दोन. टाकसाळ: हिंगणघाट, बैठकीची खोली.’

भिंग आता रेवाचं आहे. तुम्ही याल तेव्हा ते कपाटाच्या वरच्या खणात मिळेल. कूलर चालू आहे, टाकी गळत नाही आणि रुपया आत आहे. मी तपासलेल्या सगळ्या नाण्यांत उपयोगाचं निघालेलं तेवढं एकच, आणि त्याला हात लावायची मला बंदी आहे.

तुमची आजी