भाचीच्या मुलाखतीची लिंक

आमच्या घरात पोरीचा मोबाईल नंबर फॉर्मवर लिहीत नाहीत. कॉलेजचा फॉर्म असो की नोकरीचा, नंबर बापाचा. परक्या माणसाकडं पोरीचा नंबर कशाला, असा हिशेब. माझ्या भाचीनं पुण्याच्या एका हॉस्पिटलात नर्सच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हाही तेच. अर्ज तिचा, शिक्षण तिचं, नंबर तिच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या दाजींचा. मी तेव्हाच बडबडले होते, पण मावशीचं ऐकतंय कोण!

मुलाखत व्हिडिओवर होती. मिरजगावला त्यांच्या वस्तीवर रेंजचा खेळखंडोबा, म्हणून भाची आदल्या दिवशीच सुप्याला माझ्याकडं आली. मी इथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात आलेले मेल बघते. फसव्या लिंका रोजच्याच, त्यामुळं घरात त्या बाबतीत माझा शब्द चालतो. सकाळी लिंक येणार होती. आली, पण दाजींच्या मोबाईलवर, आणि दाजी कांद्याची गाडी घेऊन नगरच्या मार्केटात. त्यांनी ती पुढं पाठवली, तर एक नव्हे, दोन. खाली लिहिलेलं, "दोन आल्यात. कंची खरी ते बघा."

मुलाखतीला जेमतेम अर्धा तास उरलेला. ही जागा गेली तर घरी तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात होणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"मावशी, पहिलीच असंल. हॉस्पिटलचं नाव हाय बघ त्यात," म्हणत तिनं बोट पुढं केलं.

"हात लावलास तर याद राख!" मी खेकसलेच. पोरगी दचकली. मला वाईट वाटलं, पण समजूत काढायला वेळ कुणाला होता?

दोन्ही लिंका मी न उघडता नुसत्या कॉपी केल्या आणि मोबाईलमधल्या टिपणवहीत चिकटवल्या. तिथं त्या नुसती अक्षरं असतात, चावत नाहीत. पहिली दिसायला देखणी. सुरुवातीला हॉस्पिटलचं नाव, मग 'निवड', मग 'अभिनंदन'. अगं, मुलाखतीआधीच अभिनंदन? अशा पत्त्यात सुरुवातीचं नाव कुणीही काहीही लावतं. 'https' नंतरच्या जोड-रेघा सोडून पुढं जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचं नाव खऱ्या मालकाचं. ते कुठल्या भलत्याच दुकानाचं निघालं. नोकरीच्या साइटवर नंबर टाकला की असले लोक माशांसारखे जमतात. पुसून टाकली.

दुसरी म्हणजे नुसती गिचमिड. टक्क्याची चिन्हं, आकडे, इंग्रजी अक्षरं, पाच ओळींची. सुरुवातीला दुसऱ्यांचे मेसेज पाठवून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं नाव. अशा कंपन्या खरा पत्ता आपल्या लिंकेच्या आत गुंडाळून पाठवतात.

"ही तर पक्की फ्रॉड दिसती," भाची रडवेली झाली. "म्हंजे खरी आलीच न्हाई."

"गप बस जरा."

आतल्या पत्त्यातली चिन्हं अशी टक्क्यानं लिहितात. टक्का-तीन-ए म्हणजे दोन टिंबं, टक्का-दोन-एफ म्हणजे तिरकी रेघ. पण इथं टक्क्यामागं पंचवीस चिकटलेला. टक्का-पंचवीस म्हणजे खुद्द टक्काच, म्हणजे पाकिटात दुसरं पाकीट. एकदा उलगडून भागेना, दोनदा उलगडलं. घाईत एकदा एक अक्षर चुकलं आणि सगळं परत करावं लागलं. शेवटी आतून पत्ता निघाला. हॉस्पिटलच्या छापील जाहिरातीतला वेबसाइटचा पत्ता भाचीनं मोठ्यानं वाचला, मी अक्षर अन् अक्षर ताडून बघितलं. जुळला.

"आता प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं तोडायचं ना? व्हिडिओत सांगत्यात तसं."

"मग आत कशी जाशील? किल्ली तिथंच आहे!" कुठल्या जाहिरातीवरून आलात वगैरे कचरा तेवढा छाटला, किल्लीचं लांबलचक शेपूट ठेवलं. तिच्या मोबाईलवर पत्ता टाकला. पान उघडलं. मी श्वास सोडतेय तोवर अक्षरं आली, 'ही लिंक दुसऱ्या मोबाईलवर उघडलेली आहे.'

 मी दाजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. मागं लिलावाचा गलका.

"दाजी, तुम्ही लिंक उघडली?"

"व्हय. पोरीच्या हातात कायबी कसं द्यायचं? आधी मी बघितली. दोन्हीतली लांब हाय ती. लई येळ झाला, नंबर मागतंय. उमेदवाराचा सोताचा नंबर टाका म्हनतंय. म्या न्हाई टाकला."

"टाका! तिचा नंबर टाका, म्हणजे तिच्याकडं नवी लिंक येईल. पान खरं आहे, मी तपासलंय."

"पोरीचा नंबर, परक्याला?" दाजी म्हणाले. मला इतका संताप आला की मी काहीतरी बोलणारच होते. तेवढ्यात भाचीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"अण्णा, माझा नंबर टाका. नोकरी मला लागनार हाय, तुमाला न्हाई."

बापाशी असं बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं. गलक्यात कुणीतरी दाजींना हाक मारली, ते "थांब रं" म्हणाले. मग हळू आवाजात, "सांग बाई. मला तुझा नंबर पाठ न्हाई."

तिनं एकेक आकडा सांगितला. दाजी भर मार्केटात प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत गेले, चुकू नये म्हणून. शेवटचा आकडा झाला आणि तिच्या मोबाईलवर मेसेज वाजला. माझा फोन माझ्या हातात देऊन ती आपला मोबाईल घेऊन आतल्या खोलीत गेली. आतून तिच्या मोबाईलवरच्या एका बाईंचा आवाज आला, "हो, दिसताय तुम्ही. सुरू करू या."

"लिंक लागली का?" दाजींनी विचारलं.

"लागली."

"बरं. मग ठेवतो," म्हणाले. पण ठेवला नाही. मीही नाही. आतून तिचा आवाज येत होता, आणि मी फोन दाराजवळ धरून उभी राहिले.