काही न दाबणाऱ्यांचे फोन

सई, ओम — हे मी आजवर कोणाजवळ बोललेली नाही. तुमच्या आजोबांजवळही नाही, आणि त्यांच्याशी तर मी संपलेल्या गॅसपासून देव आहे की नाही इथपर्यंत सगळं बोलत असे. ते गेल्यावर मनात आलं, चला, आता सांगायचं राहूनच गेलं, सुटले. पण तसं होत नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत माझं फार नीट जमतं, म्हणूनच नको. मिशनच्या शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्या बायका इंग्रजीत माफी मागतात तीसुद्धा अशी, की समोरच्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. तेव्हा मराठीतच वाचा, सावकाश. एखादा शब्द अडला तर आईला विचारा — नाहीतरी तिलाही हे कळायलाच हवं.

तुम्हाला मशीनमधली आजी माहीत आहे. सुट्टीत आलात की ओम टीव्हीचा रिमोट कानाला लावून माझी नक्कल करायचा — “विक्रेत्यांनी कृपया एक दाबा!” मग सई व्हायची तो म्हातारा, जो मशीनलाच विचारतो, “बाई, तुमचं गाव कोनतं हो?” आणि घरभर हसू. मीही हसायचे. ती गोष्ट मीच तुम्हाला दिली होती ना! पण अर्धी दिली होती.

चिखलीला आमचं ऑफिस होतं. बियाणं आणि फवारणीची औषधं दुकानदारांना पुरवणारी पेढी. आपल्याकडे पिकावर मारायच्या विषाला औषधच म्हणतात. मी तिथली मुख्य कारकून. बीटी कपाशीची पाकिटं नवीन होती तेव्हाची गोष्ट. आता फवारणी जवळजवळ लागणार नाही, असं लोकांनी ऐकलेलं. प्रत्यक्षात बोंडअळी थोडी हटली तर मावा आला, तुडतुडे आले, पाऊस दडी मारून बसला, आणि लोक पुन्हा पंप पाठीला लावून शेतात. पाकिटावर आणि बाटलीवर आमचा नंबर. सकाळी कुलूप उघडायच्या आत फोन वाजत असायचा. उगवण झाली नाही, पाती गळतात, पानं लाल पडली, तुमचा माणूस येतो म्हणाला होता तो कुठे मेला. शेठजी वैतागले आणि त्यांनी ते मशीन आणलं. फोन आपोआप उचलायचा, बाईच्या आवाजात पर्याय सांगायचे, आणि समोरच्याने जो आकडा दाबला त्याप्रमाणे फोन त्या-त्या टेबलावर पाठवायचा. विक्रेत्यांना एक. बियाण्याला दोन. औषधाला तीन.

बाईचा आवाज माझा. शेठजी म्हणाले, तुमच्याइतकं शुद्ध इथे बोलतं कोण? मला ते आवडलं. फार आवडलं, खरं सांगते. मजकूरही मीच लिहिला. सुरुवातीला — “नमस्कार. बोला, मी आपली काय मदत करू शकते?” इंग्रजी ऑफिसांत असं म्हणायची रीत असते, म्हणून घातलं. आणि ज्याने काहीच दाबलं नाही त्याच्यासाठी शेवटी — “आपण फोन केल्याबद्दल आभारी आहोत. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्यापर्यंत पोहोचतील.” मग फोन बंद.

कोणते प्रतिनिधी? कुठे पोहोचणार होते? फोन कोणाचा, कुठून, याची नोंदच नव्हती. इंग्रजीत हे वाक्य निरोप घेण्यापुरतं असतं, कोणी खरं धरत नाही. मी ते मराठीत आणलं आणि ते वचन झालं. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणावंसं वाटतं. पण न कळण्याइतकी मी अडाणी होते का?

आणि ऐका, मशीन बसवणाऱ्याने ते असं बसवलंच नव्हतं. अकोल्याचा माणूस होता. त्याने सांगितलं, जो काही दाबणार नाही त्याचा फोन मॅडमच्या टेबलावर येईल, तशीच पद्धत असते. आठवडाभर आले ते फोन. बाप रे! निम्मे लोक काही दाबायचेच नाहीत. बाई “बोला” म्हणते तर ते बोलायचे. गावच्या दुकानातल्या नाणं टाकायच्या डब्याच्या फोनवर दुकानदार नंबर लावून द्यायचा, रिसीव्हर हातात आला की माणूस सुरू. माझं टपाल राहायचं, बिलं राहायची. मी त्या माणसाला परत बोलावलं आणि ते बंद करून घेतलं. त्याने विचारलं, “मग काहीच न दाबणाऱ्याचा कॉल कुठे पाठवू?” मी म्हटलं, कुठेच नको. शिकतील हळूहळू.

शिकतील. हा माझा शब्द. मी आयुष्यभर टॉवेलची घडी कशी घालावी हे लोकांना शिकवत आले, तुम्हालाही सोडलं नाही.

मग तो दिवस. फवारणीचे दिवस होते, हवेत उकाडा. दुपारनंतर ऑफिसात तिघं आली. उंद्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. एक म्हातारी, तिचा धाकटा मुलगा, आणि मागे दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली सून. गोदा. चोवीस-पंचविशीची असेल, कपाळ मोकळं. पंधरवडा-तीन आठवड्यांपूर्वी तिचा नवरा फवारता फवारता शेतात पडला होता. दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात वारला.

दीर रागाने बोलत होता. पण माझ्यावर नाही, तिच्यावर.

“विचारा आता. म्हने कंपनीच्या बाईले फोन लावला. म्हने बाई बोलली, आमचा मानूस येते. मी जीप पाहाले निंगालो तं हिनं जाऊ देल्लं नाही. गाडी येऊन राह्यली म्हने! दारात बसून राह्यली वाट पाहात. दिवस कलला तरी कोनाची गाडी नाही. मंग नेलं आमी, तं काय उपेग?”

म्हातारी म्हणाली, “इचार ना वं. काऊन गप आता? घरी तं लय बोलत होती.”

गोदा माझ्याकडे बघत होती. मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. मी म्हटलं, “बसा तुम्ही. पाणी देऊ का?” — आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तुम्हाला कसं सांगू. नवरा जाऊन महिना झाला नव्हता आणि तिचा चेहरा उजळला.

“ह्याच! आत्याबाई, ह्याच बाई हायेत. हाच आवाज. बाई, सांगा ना यायले. म्या तुमाले समदं सांगतलं ना? तुमी म्हनल्या ना, मानूस पोचते म्हनून?”

सगळं ऑफिस थांबलं. टायपिस्टने हात वर धरले तसेच धरून ठेवले. शेठजींच्या केबिनचं दार उघडं होतं.

मी काय म्हटलं ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, “हे बघ, मी तुझ्याशी कधीही बोललेली नाही. इथे मशीन फोन घेतं. तुझा फोन माझ्या टेबलावर आलाच नाही.”

बघा ना — एक तरी शब्द खोटा आहे का? मी खरंच तिच्याशी बोलले नव्हते. फोन टेबलावर आला नव्हता. शाळेत बाईंनी शिकवलेलं, तोलून बोलावं, चुकीचं बोलू नये. मी तोलून बोलले. मशीन कोणाच्या आवाजात बोलतं, हे तेवढं सांगितलं नाही. ते काय म्हणतं, हेही नाही. एक वाक्य पुरलं असतं — ती म्हणते ते शब्द मशीनमध्ये आहेत, हवं तर लावून ऐका. फोन माझ्या हातापाशी होता. शेजारच्या टेबलावरून आमचाच नंबर फिरवला असता तर गोदा म्हणत होती ते सगळं त्या दोघांना माझ्याच आवाजात ऐकू आलं असतं.

दीर म्हणाला, “आयकलं? आता बोल.”

“पन बाई…” ती म्हणाली. “तुमचाच आवाज हाय.”

“फोनवर सगळ्या बायकांचे आवाज सारखेच येतात,” मी म्हटलं. हे मात्र साफ खोटं.

म्हातारीने तिच्या दंडाला धरलं आणि ते गेले. ती ओढली गेली नाही, भांडली नाही. पायरीवर एकदा वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती गोंधळली होती — आपण खरंच फोन केला होता ना, असा. मी तिला तिच्याच कानांवर संशय घ्यायला लावला.

इथे थांबले असते तर कबुली झाली असती, नाही का? घाबरले, नोकरी होती, शेठजी ऐकत होते. तुम्ही दोघं प्रेमळ आहात, म्हणाला असतात, आजी, मशीनचा दोष. म्हणून उरलेलं सांगते.

त्या म्हाताऱ्याची गोष्ट — “तुमचं गाव कोनतं हो?” तुम्ही कधी विचारलं नाहीत, मशीन बोलत असताना समोरचा काय म्हणाला हे आजीला कसं कळलं?

माझ्या टेबलावरच्या मोठ्या फोनवर प्रत्येक लाइनचा एक लाल दिवा होता. दिवा लागला की कोणीतरी माझं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकतंय असं समजायचं. त्याच्या शेजारचं एक बटण दाबलं की स्पीकरवर दोन्ही बाजू ऐकू यायच्या. दुसरं दाबलं की मधे पडून मला बोलता यायचं. सुरुवातीला मी माझाच आवाज ऐकायला स्पीकर लावायचे. मग लोकांच्या गमती ऐकायला. मी आणि टायपिस्ट हसायचो. तुम्हाला पुरवलेल्या गोष्टी सगळ्या तिथल्या.

ज्या दिवशी गोदाचा नवरा पडला, त्या दिवशी डबा खायच्या आधी दिवा लागला आणि मी स्पीकर लावला. टायपिस्ट जाग्यावर नव्हती. मी एकटी.

माझा आवाज म्हणाला, बोला, मी आपली काय मदत करू शकते. आणि ती बोलली. भरभर, धापा टाकत. मालक पडले, तोंडातून फेस यून राह्यला, डोये फिरवून राह्यले. औषधाची बाटली हातात हाय. काय देऊ त्याईले, दूध देऊ का? गावाचं नाव सांगितलं. मशीन मधेच, विक्रेत्यांनी एक दाबा. ती थांबली, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्याने, मला नीट ऐकू आलं नसेल म्हणून. मशीनने पर्याय पुन्हा म्हटले. “आयकता ना बाई?” ती म्हणाली.

माझं बोट बटणावर होतं. शेजारी नव्हे, बटणावर. आवारात ऑफिसची जीप उभी होती, ड्रायव्हर तिच्या सावलीत बसलेला, खिडकीतून दिसत होता. आणि माझ्या मनात काय आलं? एकदा उचलला की ह्यांना तीच सवय लागेल. तीन दाबायला काय होतं? दाबेल आता. नाही दाबलं तर पुन्हा फोन करेल, तेव्हा उचलू.

माझ्या आवाजाने तिचे आभार मानले आणि आमचे प्रतिनिधी पोहोचतील म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “लवकर धाडा बाई, पाया पडतो.” दिवा विझला. मी थोडा वेळ दिव्याकडे पाहिलं. मग डबा उघडला. जेवले.

तिने पुन्हा कशाला करावा फोन? तिचं काम झालं होतं. ती दारात बसली.

ते तिघं येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी अकोल्याच्या माणसाला बोलावलं, शेवटचं वाक्य काढून टाकलं आणि काही न दाबणाऱ्यांचे फोन पुन्हा माझ्या टेबलावर आणले. शेठजींना वाटलं, बाईंना लोकांची कणव. एकदा सगळ्यांसमोर तसं बोलूनही दाखवलं त्यांनी. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

गोदाला सासरच्यांनी ठेवली नाही. नवऱ्याला मरू दिलं, असं गाव बोलू लागलं. मुद्दाम जीप आणू दिली नाही, असंही. ती माहेरी संग्रामपूरकडे गेली, एवढं उंद्रीहून येणाऱ्या एका दुकानदाराने सांगितलं. तो सहज सांगत होता, मी सहज ऐकल्यासारखं केलं. संग्रामपूर काही लांब नाही. एसटी जाते. उंद्री तर त्याहून जवळ, अर्ध्या तासावर. तिथे त्या दीरासमोर उभं राहून बोलायला मला कितीतरी वर्षं मिळाली. मी गेले नाही. म्हातारी आता नसेल. गोदा कुठे आहे मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही.

त्या दिवशी ऑफिसात गोदाने मला विचारलं होतं त्याचं उत्तर इथे लिहिते.

गोदाने फोन केला होता. तिने काय झालं ते नीट सांगितलं, दोनदा सांगितलं, गावाचं नावही सांगितलं. माणूस येईल असं तिला सांगण्यात आलं, म्हणून तिने जीप आणू दिली नाही. सांगणारा आवाज माझा होता. आणि ती बोलत होती तेव्हा मी ऐकत होते.